लव्हाळ्यावर पाय

"चिखल बघायला घाटावर चाललीस? मग दारातल्या चिखलाने काय घोडं मारलंय?" निघताना माझ्या थोरल्या जाऊबाईंनी विचारलं. त्यांचं काही चुकलं नाही. आमचं घर गुहागरकडच्या एका खाडीच्या काठावर. ओहोटी लागली की कुंपणापलीकडे लांबवर चिखल उघडा पडतो, बायका त्यात खुबे, म्हणजे जाड शिंपले, काढायला उतरतात आणि भरती आली की सगळं झाकलं जातं. दिवसातून दोनदा हाच खेळ. मी ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. चिखलातल्या झाडांविषयी बोलायला लागले की मुलं घड्याळाकडे बघायला लागतात, पण मी काही थांबत नाही.

गोड्या पाण्याचा चिखल मात्र वेगळा. तो वर्षातून एकदाच उघडा पडतो. पावसाळ्यात नदी पसरते, वळणावळणाला गाळ टाकते, दिवाळीनंतर पाणी उतरतं आणि त्या ओल्या गाळावर चार-पाच महिन्यांचं एक रान उगवतं. उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि पुढचा पूर यायच्या आत मरून जायचं. बी गाळात झोपून राहतं. हे मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले, डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून नाताळच्या सुट्टीत बॅग भरली आणि कासारवाडीला मावसबहिणीकडे, सुमनकडे जाऊन थडकले.

कासारवाडी

सुमनने पोहे पुढे ठेवले आणि माझा बेत ऐकून कपाळाला हात लावला. "नदी? अगं, इथे नदीवर कुणी जात नाही. पुलावरून जाताना लोक रिक्षातसुद्धा नाकाला रुमाल लावतात."

तरी तिला ओढलीच. स्टेशन मागे टाकून आम्ही पवनेच्या काठाला गेलो. पाणी दिसलंच नाही. या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णी. हिरवीगार, गुबगुबीत, अधूनमधून जांभळी फुलं. लांबून कुणाला वाटेल, काय सुंदर बाग आहे! तिच्यावरून बगळे खुशाल चालत होते. काठाशी थोडी मोकळी जागा होती तिथे पांढरा फेस साचला होता आणि वास असा, की मीही नाकाला रुमाल लावला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. आमच्या खाडीलाही वास असतो, पण तो मिठाचा, माशांचा, जित्या वस्तूंचा. हा वास मेलेला होता.

"बघितलीस नदी? चल आता," सुमन म्हणाली. "उद्या तळवड्याला नेते. तिथे निदान तुझा चिखल तरी आहे."

तळवडे

तळवड्याला काचेच्या इमारतींच्या मागे इंद्रायणी आहे. तिथे गाळ होता खरा. अर्ध्यावर राडारोड्याचे ढीग, फुटक्या फरशा, कमोडचे तुकडे. उरलेल्या अर्ध्यात माझं रान होतं आणि ते बघून मी सगळं विसरले.

पाणी उतरलं की गाळावर आधी शेवाळाची हिरवी साय धरते. ती वाळते, गाळ तडकतो, चिरा पडतात. चिरांमध्ये ओल टिकते, म्हणून पहिली रोपं चिरांतच उगवतात. वरून पाहिलं तर हिरव्या दोऱ्याने गोधडी शिवल्यासारखं दिसतं. त्या चिरांत माका होता, पांढऱ्या बारीक फुलांचा. जलब्राह्मी पसरली होती. जरा वरच्या, सुकत आलेल्या भागात गोरखमुंडीचे जांभळे गेंद. काठाला काटेरी तालीमखाना. आणि अगदी पाण्यालगत लव्हाळा, तिधारी दांड्याचा, दाट, ताठ.

"हा माका," मी सुमनला सांगितलं.

"अय्या! तेलाच्या बाटलीवरचा?" म्हणत तिने दोन रोपं उपटून पिशवीत टाकली. मग वास घेतला आणि दोन्ही फेकून दिली.

लव्हाळ्याचा फोटो काढायला मी पुढे सरसावले आणि पचकन घोट्यापर्यंत आत. पाय निघाला, चप्पल राहिली. चिखलावर मोठी हुशारी मारणारी मी, एका पायात चप्पल घालून उभी! सुमन हसून हसून खाली बसली. तेवढ्यात शिट्टी वाजली. इमारतीचा वॉचमन कुंपणाशी आला.

"मॅडम, इथं फोटो अलाऊड न्हाई."

"अहो, मी नदीचा काढतेय."

"नदी बी कंपनीच्या मागंच येती ना," तो म्हणाला. दुसरी चप्पलही तिथेच सोडली आणि अनवाणी रिक्षात बसले.

महाळुंग्याच्या अलीकडे

तिसऱ्या दिवशी सुमनने तिच्या ओळखीची एक वस्ती काढली. तिचे यजमान ज्या कंपनीतून रिटायर झाले, तिथे दत्तूभाऊ म्हणून एक जण कंत्राटी कामाला होते. महाळुंग्याच्या अलीकडे इंद्रायणीच्याच एका वळणावर त्यांचं घर. चारी बाजूंनी कारखान्यांच्या शेड, मध्ये भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आणि त्या खोल्यांच्या बेचक्यात एक गोठा. गोठ्यात दोन म्हशी आणि एक रेडी.

दत्तूभाऊ दारातच बसले होते. कंपनीने त्यांना ब्रेक दिला होता. म्हणजे काही महिने काम करून घ्यायचं, मग घरी बसवायचं, म्हणजे माणूस कायम व्हायला नको. "बोलावत्याल परत," ते म्हणाले आणि लगेच दुसरीकडे बघायला लागले.

घर चालवत होती त्यांची बायको, शांता. चाळिशीची, अंगाने काटक, बोलायला फटकळ. एक म्हैस भाकड होती. दुसरी काशी, दोन महिन्यांची व्यालेली, दुधाला चांगली. तिचं दूध शांता कंपनीच्या गेटावरच्या चहाच्या टपऱ्यांना घालायची. जमीन कधीच गेली होती, तेव्हा चारा विकत आणणं परवडायचं नाही. पाणी उतरल्यापासून शिमग्यापर्यंत म्हशी नदीच्या गाळावर चरायच्या. त्या रानावर काशी जगत होती आणि काशीवर ते घर.

जेवायला बाजरीची भाकरी, घोळाची भाजी, ठेचा आणि ताक. घोळ हीसुद्धा ओलीत उगवणारी. कासारवाडीचा फेस आठवला आणि माझा घास हातातच राहिला. शांताने ते बरोब्बर टिपलं.

"खावा ओ ताई! नळाच्या सांडपाण्यावरची हाय. नदीची भाजी आमी कवाच बंद केली."

"आणि म्हशी?"

"म्हशी खात्यात की," ती म्हणाली. "त्यांना कुठनं आणू नळाचं?"

मग चहा झाला. काशीच्याच दुधाचा. मी तो प्यायले, आणि पिताना काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. आमच्याकडे दारात गाय असली तरी चहा बहुतेकांचा कोरा. इथे मात्र दुधाला नको म्हणणं म्हणजे त्या बाईला नको म्हणणं झालं असतं.

नदी

जेवणानंतर शांता म्हशी घेऊन निघाली. तिच्या मागून मी आणि सुमन. मी सुमनच्या जुन्या स्लीपर घातल्या होत्या, त्याही मोठ्या.

असा गाळ मी तोवर पाहिला नव्हता. वळणाच्या आत भलंमोठं हिरवं मैदान, पलीकडे पाण्याची बारीक रेघ आणि तिच्याही पलीकडे शेडचे निळे पत्रे. माका, मुंडी, जलब्राह्मी, सगळे आपापल्या जागेवर, पंगतीत पाट मांडावेत तसे. मी गुडघ्यावर बसून एकेक बघत होते आणि शांता माझ्याकडे बघून हसत होती.

"ताई, सांभाळून. तुमच्याकडं समुद्र आसंल, पन हा गाळ लबाड हाय. माका हाय तितं नुसती वरली साल वाळल्याली असती. पाय द्यायचा तो लव्हाळ्यावर. त्येच्या गड्ड्या खाली धरून ठिवत्यात. आमच्यात म्हनच हाय, लव्हाळ्यावर पाय, त्याला भ्या न्हाय."

मला ते पटलं. लव्हाळ्याच्या मुळांना गाठी असतात, त्या गाळात जाळं विणतात. आमच्याकडे खाडीतल्या कांदळाच्या झाडांच्या मुळांवरून चालतात ते याच हिशेबाने. तळवड्याला मी लव्हाळ्याच्या अलीकडेच फसले होते हेही लक्षात आलं, आणि मग मी शांताच्या पावलावर पाऊल टाकून बिनघोर हिंडले.

भाकड म्हैस वरच चरत राहिली. काशी पाण्याकडे गेली. तिथे लव्हाळ्याचा एक मोठा पट्टा होता, कोवळा, पोपटी, बाकीच्यापेक्षा ताजा. शांता तिला अडवायला गेली नाही. कशाला जाईल? लव्हाळा होता.

थोड्या वेळाने सुमन म्हणाली, "तुमची म्हैस बसली बघा."

शांताने वळून पाहिलं. काशी पोटापर्यंत चिखलात होती, शिंगं वर, डोळे अर्धे मिटलेले. "लोळती आसंल. दुपारची सवयच हाय तिला," ती म्हणाली. आम्ही परत बोलायला लागलो. माझ्या कॉलेजातल्या पोरींची लग्नं किती लवकर होतात, असं काहीतरी मी सांगत होते.

मग काशी रेकली. म्हशीचं तसलं रेकणं मी आधी ऐकलं नव्हतं. शांताचा चेहरा एका क्षणात उतरला. "आगं माझी बाय!" म्हणत ती धावत सुटली, सरळ लव्हाळ्यावरून. चार-सहा पावलं नीट पडली आणि पुढच्या पावलाला ती कमरेपर्यंत आत गेली.

तिच्या भोवतीचा लव्हाळा खाली दबला, वर आला. सगळा पट्टाच हलला, पाण्यावरच्या चटईसारखा. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तो लव्हाळा जमिनीत रुजलेला नव्हताच. पुरात वाहत आलेली जलपर्णी तिथे अडकली होती, पाणी उतरल्यावर खाली बसली होती, तिच्यावर हातभर गाळ धरला होता आणि त्या गाळावर बी पडून लव्हाळा उगवला होता. मुळं जलपर्णीत. जलपर्णीच्या खाली नुसतं पिठलं.

"आडवी हो!" मी ओरडले. "शांता, उभी राहू नको! पाठीवर पड, हात पसर!" खाडीत आम्हाला चालायला लागल्यापासून हेच शिकवतात. ती ऐकेना. तिचे डोळे काशीकडे. शेवटी मी शिवी हासडली, तेव्हा ती मागे रेलली. मी पोटावर सरपटत गेले, सुमनने माझे घोटे धरले. शांताने हातातल्या काठीचं टोक माझ्याकडे केलं, ते मी धरलं आणि आम्ही तिला इंचाइंचाने बाहेर ओढलं. जिला रिक्षाच्या सीटवरची धूळ चालत नाही, ती सुमन गळ्यापर्यंत माखली होती आणि मोठमोठ्याने देवाचं नाव घेत होती.

बाहेर येताच शांता उठून परत निघाली. दोघींनी मिळून तिला धरून ठेवली.

खड्डा

आरडाओरडा ऐकून दत्तूभाऊ आले, वस्तीतले आले, खोल्यांमधली शिफ्टवरून आलेली पोरं आली. काहींनी दोर आणले, काहींनी मोबाइल वर धरले. काशी आता पाठीपर्यंत बुडाली होती. दम लागला की थांबायची, मग परत धडपडायची, आणि धडपडली की आणखी खाली जायची.

"हितं खड्डा कसा काय?" दत्तूभाऊ म्हणत होते.

"गेल्या उन्हाळ्यात गाळाची माती उचलली न्हाई का, कंच्या तरी कंपनीच्या लॉनसाठी?" एक म्हातारबुवा म्हणाले. "त्योच ह्यो."

"त्यो तर तिकडं हाय, आंब्याच्या अंगाला!"

"आंबा कुठं हाय आता? पुरानं काठासकट न्हेला न्हवं."

माती उचलायला गावानेच हो म्हटलं होतं. देवळापुढच्या मंडपाचे पत्रे त्यातून आले होते, हे मला सुमनने नंतर सांगितलं.

पलीकडे शेडचं काम चालू होतं, तिथून दत्तूभाऊंनी हायड्रा क्रेन आणली. ऑपरेटर माधवराव, परभणीकडचे, पिकल्या मिशांचे. त्यांनी मशीन काठाशी उभी केली, बूम, म्हणजे क्रेनचा हात, लांब केली, खाली उतरून चिखल पाहिला.

"मशीन याच्या पुढं येत नाही, माय," ते शांताला म्हणाले. "फसून बसंल. आणि गळ्याला दोर लावून वढलं तर मान मोडंल जनावराची. बेल्ट पोटाखालून घालावा लागतो. म्हंजे कुणी तरी आत जायला पाहिजे."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. दत्तूभाऊ शर्टाची बटणं काढायला लागले. शांताने त्यांना बाजूला सारलं. "तुमच्यानं बुजती ती. मीच जाते."

साइटवरून प्लायचे तक्ते आणवले. खुबे काढणाऱ्या बायका फळी टाकून तिच्यावर पोटावर पडतात तसं मी तिला दाखवलं. तिच्या कमरेला दोर बांधला. एकामागे एक तक्ता सरकवत ती काशीपर्यंत गेली, तिच्या मानेवर गाल टेकवला आणि काहीतरी बोलत राहिली. आम्हाला शब्द ऐकू येत नव्हते, पण काशी शांत झाली. मग शांताने बेल्टचं टोक घेतलं आणि खांद्यापर्यंत हात चिखलात घातला. तोंडावर चिखल, श्वास कोंडलेला. किती वेळ गेला कोण जाणे. पुढच्या पायांमागून बेल्ट आरपार निघाला. मागच्या अंगाला काही केल्या जाईना. तिने तीनदा प्रयत्न केला, मग तिचा हातच उचलेना.

"एकाच बेल्टवर वढू का?" माधवराव विचारत होते. "वढलं तर मागचं अंग धरून ठेवील चिखल. इजा होईल. नाही वढलं तर जातीयच ती. तुमी सांगा, माय. मी माझ्या मनानं करणार नाही."

सगळे शांताकडे बघत होते. ती परत येऊन काठावर बसली होती, चिखलाची मूर्ती नुसती. तिने तोंडावरचा चिखल पुसला. मग म्हणाली, "वढा."

बूम वर गेली. बेल्ट ताणला. चिखलातून असा आवाज आला, की मी कान झाकून घेतले. काशी छातीपासून वर आली, मग पोट, आणि मग एकदम सगळीच सुटून काठावर पडली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काशीने पुढचे पाय टेकले, अंग उचललं, आणि मागचं अंग तसंच पडून राहिलं. परत उचललं. परत तसंच.

टाळ्या थांबल्या. माधवराव मशीनमधून उतरले नाहीत, स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसून राहिले.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी कमरेपासून खाली चाचपून पाहिलं. खुबा निखळला होता, आणखीही काय काय मोडलं होतं. ही उठणार नाही, असं स्पष्ट सांगितलं आणि दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं. शांताने मान डोलावली, त्यांना पाणी विचारलं.

उन्हं उतरली तशी काशीची कास तट्ट फुगली. धारेची वेळ झाली होती. शांता घरी गेली आणि परत आली तेव्हा तिच्या हातात चरवी नव्हती, दाव्याला रेडी होती. रोज धार काढून झाल्यावर रेडीला थोडं सोडायचं, असा नेम. आज तिने दावं काढून टाकलं. रेडी गुडघे टेकून आडव्या आईला लुचायला लागली, ढुशा द्यायला लागली. काशीने मान वळवून तिला चाटलं.

शांताचा फोन वाजला. टपरीवाला होता.

"न्हाई, आज दूध न्हाई," ती म्हणाली. "उद्या बी न्हाई." फोन बंद करून तिने पदर तोंडात कोंबला आणि मग जी रडली, ती कुणाला आवरेना. आम्ही दोघी घरी न परतता तिच्या दोन बाजूंना बसून राहिलो. आपणही रडतोय हे मला उशिरा कळलं.

काशी पहाटेच्या आधी गेली.

सकाळी गावातल्या एकाने भल्या मनाने जेसीबी सांगितला होता. तो नदीकाठी येऊन उभा राहिला. "हितंच गाळात खड्डा काढतो वैनी," ड्रायव्हर म्हणाला. "मऊ माती हाय, येळ लागायचा न्हाई."

"नदीत खड्डा न्हाई काढायचा," शांता म्हणाली.

"आवं, मग कुठं?"

"माझ्या दारात. गोठ्याच्या मागं."

"तितं मशीन येत न्हाई. बोळ बारका हाय, दोन्हीकडं खोल्या. आन् खाली मुरूम."

"हातानं काढू."

"येडी झालीस का गं?" दत्तूभाऊ बोलून गेले. शांता पदर खोचून घराकडे निघाली. ते गोठ्यात गेले आणि पहार घेऊन आले. जेसीबीने काशीला बोळापर्यंत आणलं, पुढे पोरांनी दोर लावून गोठ्याशी ओढून नेलं.

मुरूम असा, की पहार उडून परत यायची. दत्तूभाऊ थकले की म्हातारबुवा, ते थकले की खोल्यांमधला कुणीतरी. ड्युटीवर जायच्या आधी माधवराव येऊन टिकाव मारून गेले. सुमन आणि मी घमेली भरून बोळाच्या तोंडाशी नेऊन टाकत होतो. दुपारची माझी एस.टी. गेली ती गेलीच. उन्हं कलली तेव्हा खड्डा छातीएवढा झाला होता. सगळे घामाघूम होऊन काठावर बसले आणि आता पुरे म्हणाले.

शांता आत उतरली, चारी बाजूंनी फिरून बघितलं, आणि दत्तूभाऊंच्या हातातली पहार मागून घेतली.

"आनिक खोल पायजे," ती म्हणाली. "कुत्री उकरत्यात."